प्रचार आला खिशात

“मत दिले नाही तर बँकेतल्या खात्यातून ३५० रुपये कापले जाणार!” हा निरोप तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. ज्याचे बँकेत खाते नाही त्याच्या मोबाइलच्या रिचार्जमधून पैसे वळते होतील, अशी पुस्तीही खाली जोडलेली होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी हा निरोप देशभर फिरला आणि पुष्कळांनी तो खरा मानला. मुळात ती एका हिंदी दैनिकाने होळीनिमित्त गंमत म्हणून छापलेली बातमी होती. तिचे कात्रण मोबाइलवर चढले आणि ‘गंमत’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. निवडणूक आयोगाने बातमी खोटी असल्याचे जाहीर केले, तरी पुढच्या निवडणुकांत ती हरळीसारखी पुन्हा पुन्हा उगवत राहिली. लोकसभेला किंवा विधानसभेला मत दिले नाही म्हणून दंड करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही.

या निरोपाने कोणाचे फार नुकसान झाले नाही. झालाच असेल तर चार माणसे मतदानाला जास्त गेली एवढा फायदाच. पण वाचकहो, तो आपल्यापर्यंत आला कसा, ते पाहण्यासारखे आहे. तो कोणा पुढाऱ्याने पाठवला नव्हता. तो पाठवला मेहुण्याने, चुलतभावाने, चाकणला कामाला असलेल्या आपल्या पोराने. आपण निरोप आणणाऱ्या माणसाचे तोंड पाहून विश्वास ठेवतो. लिहिणारा कोण, हे विचारायचे राहूनच जाते. निवडणुकीचा आजचा मोबाइलवरचा प्रचार नेमका या एका गोष्टीवर उभा आहे.

तीन पाळ्यांचे गाव

हे नीट समजून घ्यायचे तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याकडे पाहावे. तुमचे गाव जुन्नरकडे असो, गेवराईकडे असो की पाचोऱ्याकडे, घरातला नाहीतर भावकीतला कोणीतरी या पट्ट्यात कामाला असतोच.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. मागोमाग आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को आली. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली आणि १९९७ साली आणखी १८ गावे तिच्यात आली. पुढे कारखानदारी नाशिक रस्त्याने सरकत चाकणला पोहोचली. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी, सावरदरी, वासुली या गावांच्या शिवारात, जिथे कांद्याचे वाफे होते तिथे, गाड्यांचे कारखाने उभे राहिले.

म्हणजे या पट्ट्यात दोन प्रकारचे मतदार राहतात. एक मूळ गावकरी. यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, काहींनी तिच्या मोबदल्यात चाळी बांधून खोल्या भाड्याने दिल्या. दुसरा त्या खोल्यांत राहणारा मराठवाड्याचा, खानदेशाचा, विदर्भाचा, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारचाही कामगार.

आता विचार करा, अशा वस्तीत उमेदवाराने सभा घ्यायची तरी केव्हा? संध्याकाळी सहाला घ्यावी तर दुसरी पाळी कारखान्यात, तिसरी झोपेत आणि पहिली पाळी नुकतीच घरी येऊन चहा पीत बसलेली. गावात कसे, पारावर चार म्हातारे बसलेले असतात, दिवसभर कोणी ना कोणी भेटतेच. इथे कामगार भेटतो तो कंपनीच्या बसमध्ये, आणि बसमध्ये त्याचे डोके मोबाइलमध्ये असते. भिंती रंगवणे, जीपला भोंगे बांधणे, मुलांना बिल्ले वाटणे हे सगळे मागे पडले. अर्धा-पाऊण तासाच्या त्या प्रवासात माणसाला गाठायचे, तर त्याच्या खिशातूनच जावे लागते. प्रचार मोबाइलवर गेला त्यात फॅशनचा भाग आहेच, पण या पट्ट्यात तरी पाळीचे वेळापत्रक हेही त्याचे मोठे कारण आहे.

आणखी एक गोष्ट. यातल्या कित्येक कामगारांचे मत अजून गावाकडेच आहे. म्हणून बीड, लातूर, जळगाव, बुलढाणा इकडचे उमेदवारही या भागात आपापल्या जिल्ह्यातल्या लोकांचे मेळावे घेतात आणि मतदानाच्या दिवशी गावाकडे गाड्या सोडल्या जातात. मेळावा एका दिवसाचा. पण तिथे जमलेले मोबाइल नंबर कायमचे. चिंचवडच्या खोलीत बसलेल्या मुलाला आलेला निरोप दहा मिनिटांत गेवराईच्या घरी पोहोचतो, आणि तिथे त्याला ‘शहरातून आलेली बातमी’ म्हणून वजन येते.

प्रचाराचे नवे कारखाने

हे काम आता हौशी कार्यकर्त्यांचे राहिलेले नाही. उमेदवार यासाठी पैसे देऊन माणसे नेमतो. एखाद्या इमारतीत दहा-वीस तरुण संगणक घेऊन बसतात. त्या खोलीला ‘वॉर रूम’ म्हणतात, म्हणजे सरळ सरळ लढाईची खोली. मतदारयादी केंद्रावार फोडली जाते, प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला जातो. भाषणाच्या तुकड्यांचे रील होतात. सकाळी एक फोटो, दुपारी विरोधकाची जुनी चित्रफीत, रात्री “नमस्कार, मी तुमचा उमेदवार बोलतोय” असा फोन. तो फोन उचलून आपल्याकडची भाबडी माणसे “बोला साहेब” म्हणतात आणि समोरचा काही ऐकूनच घेत नाही म्हणून नाराज होतात. तो आवाज आधी भरून ठेवलेला असतो.

सगळेच ग्रुप राजकारणाच्या नावाने निघत नाहीत, हे ध्यानात घ्या. एखादा यात्रेचा असतो, एखादा भजनी मंडळाचा, एखादा बाजारभावाचा. वर्षभर त्यावर हवामान, कांद्याचे दर, कोणाचा दशक्रिया विधी अशा कामाच्या बातम्या येतात. लोकांना त्याची सवय होते, भरवसा बसतो. आचारसंहिता जवळ आली की त्याच ग्रुपवर हळूच एका बाजूचे निरोप येऊ लागतात. बाजारभाव खरा निघाला म्हणून त्याखालचा राजकीय निरोपही खरा, असे आपले मन धरून चालते.

पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घ्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. पण ‘भावी नगरसेवक’ मात्र मोबाइलवर रोज होते. वाढदिवस, देवदर्शनाच्या सहली, खेळ पैठणीचा, टँकरसमोर उभे राहून काढलेला फोटो. कायद्याने उमेदवाराचा खर्च मोजला जातो तो अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत. त्याआधीची ही सगळी पेरणी हिशेबाबाहेर राहते.

पाहिले सगळ्यांनी, मते किती पडली?

मोबाइलवर गाजतो तो जिंकतो, असा एक समज झाला आहे. २०१९ साली मावळ लोकसभा मतदारसंघात काय झाले ते आठवा. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ याच मावळात येतात. राष्ट्रवादी काँग्रेसने पार्थ पवार यांना उमेदवारी दिली. पिंपरी-चिंचवडमधल्या त्यांच्या पहिल्याच जाहीर भाषणात ते अडखळले. त्या काही मिनिटांची चित्रफीत राज्यभर फिरली, तिची टिंगल झाली, नकला झाल्या. निवडणुकीत शिवसेनेचे श्रीरंग बारणे दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. भाषण फसले म्हणून उमेदवार पडला, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. पण मावळ हा मतदारसंघ झाल्यापासून, २००९ आणि २०१४ दोन्ही वेळा, तिथे शिवसेनाच जिंकत आली होती, हे कोणी त्या चित्रफितीखाली लिहिले नाही. आमच्या मते त्या चित्रफितीने निकाल फारसा बदलला नसेल. तिने एक गोष्ट मात्र केली. महिनाभर लोक एका तरुणाच्या अडखळण्यावर बोलत राहिले, आणि दोन्ही उमेदवार पाण्याचे, रस्त्याचे, अनधिकृत घरांचे काय करणार, ही चर्चा बाजूला पडली.

त्याच निवडणुकीत राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’ सभा झाल्या. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता. पडदा लावायचा, पुढाऱ्यांची जुनी भाषणे दाखवायची आणि आज काय झाले ते विचारायचे, अशी ती रीत. मेळघाटातल्या हरिसाल या गावाची ‘डिजिटल गाव’ म्हणून सरकारी जाहिरात झाली होती. त्या जाहिरातीतल्या तरुणालाच त्यांनी व्यासपीठावर आणले. सभांना गर्दी उसळली आणि मोबाइलवर तर त्या घरोघरी पाहिल्या गेल्या. निकाल काय लागला? ज्यांच्या विरुद्ध या सभा होत्या त्या भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. प्रश्न विचारण्याची ती रीत आम्हाला चांगली वाटली, आजही वाटते. पण पाहणे वेगळे आणि मत देणे वेगळे.

शेजारच्या शिरूर मतदारसंघाची गोष्ट तुम्हाला अधिक जवळची. चाकण, खेड आणि भोसरी याच मतदारसंघात येतात. इथला मोठा प्रश्न बैलगाडा शर्यतींचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी आणली होती. २०१९ च्या प्रचारात डॉ. अमोल कोल्हे यांनी, शर्यती सुरू झाल्या तर बारीपुढे घोडी धरीन, असा शब्द दिला. दूरदर्शन मालिकांत संभाजीमहाराजांची भूमिका करणारा हा नट तेव्हा घराघरांत माहीत होता. तीन वेळा खासदार झालेले शिवाजीराव आढळराव पाटील हरले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, तेव्हा विरोधकांनी लगेच जुनी चित्रफीत काढून विचारले, घोडी कधी धरणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव-दावडीच्या घाटात कोल्हे खरेच घोडीवर बसून बारीपुढे धावले. ते दृश्य मोबाइलवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

यातून मोबाइलची एक चांगली बाजू दिसते. पुढाऱ्याने दिलेला शब्द आता हवेत विरत नाही. पूर्वी तो नाकारता येई, आता त्याची चित्रफीत कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. फक्त एवढेच वाटते की घोडीचा शब्द जसा लोकांनी जपून ठेवला, तसा चाकणच्या वाहतूक कोंडीचा, तळेगाव-चाकण रस्त्याचा आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचा शब्दही जपून ठेवावा. घोडीएवढी गंमत त्यात नाही, हे खरे आहे.

आणि इतका सगळा गाजावाजा होऊन मतदान किती होते? १३ मे २०२४ रोजी मावळ आणि शिरूर दोन्हीकडे लोकसभेचे मतदान झाले. दोन्ही ठिकाणी ते जेमतेम ५४-५५ टक्क्यांवर थांबले.

आदल्या रात्रीचा आवाज

आतापर्यंत सांगितले ते खऱ्या चित्रफितींचे. आता खोट्याकडे वळू.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांची एक चित्रफीत फिरली. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करू, असे ते म्हणत असल्याचे तीत दिसत होते. मूळ भाषण तेलंगणातल्या मुस्लिम आरक्षणाविषयी होते. ते कापून, जोडून वेगळे केले होते. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काँग्रेसशी संबंधित काही जणांना अटक झाली. मुंबईतही गुन्हा नोंदला गेला.

त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी दुसऱ्या बाजूने तसेच झाले. मतदान होते २० नोव्हेंबरला. आदल्या रात्री, १९ तारखेला, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून काही ध्वनिफिती बाहेर आल्या. बिटकॉइन नावाच्या आभासी चलनातून निवडणुकीसाठी पैसा उभा करण्याचे ते बोलणे होते. भाजपच्या अधिकृत खात्यावरूनही त्या प्रसिद्ध झाल्या. हे आवाज आपले नाहीत असे सांगत सुळे यांनी तक्रार केली. बातम्यांची शहानिशा करणाऱ्या ‘बूम’ या संस्थेने तपासले, तेव्हा यांतल्या बहुतेक ध्वनिफिती संगणकाने बनवलेल्या असाव्यात असे आढळले.

आवाज असा बनवता येतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगायला हवे. एखाद्याच्या बोलण्याचा लहानसा नमुना संगणकाला दिला, की तो त्याच आवाजात आपण लिहून दिलेले वाक्य बोलून दाखवतो. पुढाऱ्यांची तर तासन् तास भाषणे उपलब्ध असतात, त्यामुळे नमुन्याची वाण नाही. तमाशातला सोंगाड्या आवाज काढायचा तेव्हा समोर सोंगाड्या दिसत तरी होता.

यात आमच्या मते खरी मेख वेळेची आहे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो. सभा नाही, भोंगा नाही. ही दोन रात्रींची शांतता कायद्याने यासाठी ठेवली आहे, की माणसाने गोंगाटाबाहेर बसून विचार करावा. मोबाइल मात्र बंद होत नाही. रात्री सुटलेला खोटा आवाज पहाटेपर्यंत लाखो घरांत जातो. ज्याच्यावर आरोप आहे त्याने उत्तर द्यायचे केव्हा आणि ते पोहोचायचे केव्हा? तपास लागतो तोवर बोटाला शाई लागलेली असते.

नियम आहेत. २०१३ पासून उमेदवाराने आपली सोशल मीडियाची खाती प्रतिज्ञापत्रात लिहून द्यायची आहेत, तिथल्या जाहिराती आधी मंजूर करून घ्यायच्या आहेत आणि त्यांचा खर्च हिशेबात दाखवायचा आहे. लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये ही खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये ठरली. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना बजावले, की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. संगणकाने बनवलेल्या चित्राला-आवाजाला तशी चिठ्ठी लावा, असेही जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पण हे सारे पक्षाला आणि उमेदवाराला लागू. ‘भाऊंचे चाहते’ या छापाच्या नावाने कोणी पान काढले, तर ते उमेदवाराचे की चाहत्याचे, हे ठरवण्यातच निवडणूक संपते. छापील पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव घालणे कायद्याने सक्तीचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाला तसे नाव-गाव नसते. फेसबुकवर पैसे देऊन केलेल्या राजकीय जाहिरातीखाली मात्र पैसे कोणी दिले ते लिहिलेले असते. ती बारीक ओळ पोराकडून वाचून घ्या.

घरात शिरलेले भांडण

लोकसभा-विधानसभेचे झाले. गावाला खरी झळ लागते ती ग्रामपंचायतीत. तिथे उमेदवार म्हणजे चुलता नाहीतर चुलतपुतण्या. पूर्वी उखाळ्यापाखाळ्या पाणवठ्यावर निघत आणि दोन दिवसांत विरत. आता त्या स्टेटसला लागतात. कोणाचे नाव नसते, पण कोणाला उद्देशून आहे ते गाव जाणते. बांधावर बोलणे बंद होते. पुढे लग्नकार्यात पंगतीला वाढायला कोण येणार, यावरून ताणाताणी. असे प्रसंग तुमच्याही गावात झाले असतील. नावे सांगायची गरज नाही.

यातला सर्वांत महाग सौदा पोरांचा होतो. रागाच्या भरात एखादा मुलगा कोणाच्या जातीविषयी, देवाविषयी, बाईमाणसाविषयी काही लिहितो किंवा दुसऱ्याचे पुढे ढकलतो. तक्रार होते, गुन्हा नोंदला जातो. उमेदवार निवडून येतो, गुलाल उधळतो, आणि पोरगा तारखांना जातो. चाकणच्या वसाहतीत कामाला लागायचे तर बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तिथे तो गुन्हा आडवा येतो. दोन एकर जमिनीवर भागत नाही म्हणून ज्याला नोकरीला धाडायचे, त्याची नोकरी एका निरोपापायी अडावी, हे कोणत्या पक्षाच्या विजयाने भरून निघणार? आईबापांनी हे पोराला निवडणुकीच्या आधीच बसवून सांगावे. दुसऱ्याने लिहिलेले पुढे पाठवणाराही तक्रारीतून सुटतोच असे नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन मात्र, त्याचा हात नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

निरोपाने माणसे मरतात, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. त्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तिथे निवडणूक नव्हती, पण अफवा मोबाइलवरच फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फार फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूणही येते. ती दिसली की समजावे, हा निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही. तो निदान पाच हातांतून फिरून आलेला आहे.

घरातल्या बायकांनाही यात धरले जाते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि बचत गटांचे ग्रुप एकदम महत्त्वाचे झाले. योजनेची खरी माहिती त्यांवर मिळाली, ते बरेच झाले. पण “हप्ता अडला आहे, ही लिंक दाबा, आलेला आकडा सांगा” असे निरोपही अशाच वेळी येतात. आकडा म्हणजे ओटीपी. तो दिला की खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. हप्त्याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे नाहीतर बँकेत करावी.

कांद्याची पट्टी

मोबाइल शेतकऱ्याच्या कामी येत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या पट्टीचा आणि धनादेशाचा फोटो देशभर फिरला. त्याला कोणी वॉर रूम लागली नव्हती. कांद्याचे दर सगळीकडेच पडले होते, आंदोलने चालू होती, आणि मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. हे एका फोटोने झाले असे म्हणणार नाही. पण आपली पट्टी आपण दाखवली, हा त्यातला फरक.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. चाकणच्या बाजारात, जुन्नर-आंबेगावात त्याची झळ बसली. वर्षअखेरीस शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, म्हणजे शिरूरच्या मतदानाआधी अवघे नऊ दिवस. त्या काळात मोबाइलवर दुसऱ्याच गोष्टींची धुळवड चालली होती. कोणी कोणाला गद्दार म्हटले, कोण कोणत्या गाडीतून उतरला. निकाल लागला तेव्हा नाशिक, दिंडोरी, शिरूर या कांद्याच्या पट्ट्यातल्या जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या होत्या. शिरूरला कोल्हे सुमारे १ लाख ४० हजार मतांनी निवडून आले. कांद्याचा निरोप शेतकऱ्याला कोणी फॉरवर्ड करावा लागला नव्हता. अडत्याच्या पट्टीवर तो लिहिलेला होता.

थोडे मतदानाच्या दिवसाचे. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ करता येते, असा निरोप दर निवडणुकीत फिरतो. तो साफ खोटा आहे. नाव यादीत नसेल तर मत देता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर मात्र केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मताची कागदी मतपत्रिका मागता येते. नाव आहे का, ते १९५० या क्रमांकावर फोन करून आधी पाहून घ्यावे. मुलगा चाकणला कायमचा स्थिरावला असेल आणि त्याला मत तिथे हवे असेल, तर अर्ज क्रमांक ८ भरून नाव हलवता येते. आचारसंहितेचा भंग दिसला, तर आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर जागेवरूनच फोटो पाठवावा. तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची असे आयोगाने ठरवले आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे असते, तो वेगळा.

आणि ज्यांचे मत गावाकडे आहे त्या कामगारांसाठी एक. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मतदार असलेल्या कामगाराला पगारी सुट्टी द्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिले आहे. रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. धोक्याची किंवा बंद न ठेवता येणारी कामे असतील तिथे निदान काही तासांची सवलत मागता येते. हा निरोप मात्र कंपनीच्या बसमधल्या कोणत्याच ग्रुपवर फारसा फिरताना दिसत नाही.